एकही लढाई न केलेली गस्तीनौका संग्रहालयात कशाला ठेवली आहे?

सिडनीच्या डार्लिंग हार्बरमधल्या सागरी संग्रहालयात ‘व्हॅम्पायर’ ही विनाशिका आणि ‘ऑन्स्लो’ ही पाणबुडी का ठेवली हे कळतं, पण ‘ॲडव्हान्स’सारखी एवढीशी नौका कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. धक्क्यावर उभं राहून मी जास्त वेळ हिच्याकडेच बघत होतो, म्हणून उत्तर देतो.

आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटाच्या किनाऱ्यावर गस्तीसाठी ऑस्ट्रेलियाने सुरुंग काढणाऱ्या बोटी वापरल्या, पण त्या या कामाच्या नव्हत्या. त्या अनुभवातून ‘अटॅक’ वर्गाच्या २० नौका बांधल्या गेल्या, त्यांपैकी ५ पापुआ न्यू गिनीसाठी. ‘ॲडव्हान्स’ क्वीन्सलंडमधल्या मेरीबरोत तयार झाली आणि २४ जानेवारी १९६८ रोजी नौदलात आली. लांबी जेमतेम ३३ मीटर, रुंदी ६. एवढ्यात १९ माणसं, दोन डिझेल इंजिनं आणि पुढे ४० मिलिमीटरची एक बोफोर्स तोफ. खवळलेल्या समुद्रात या नौका भयंकर हेलकावत, खलाशांचे हाल व्हायचे. त्यांचं रोजचं काम म्हणजे परक्या मासेमारी बोटींवर नजर ठेवणं आणि किनाऱ्यावर पहारा. यातलं काहीच युद्धाच्या इतिहासात येत नाही.

तिची खरी परीक्षा झाली ती १९७४ च्या नाताळात, उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात. ‘ट्रेसी’ चक्रीवादळात ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि मग वारा मोजणारं यंत्रच बंद पडलं. बंदरात याच वर्गाच्या चार नौका होत्या. ‘ॲरो’ स्टोक्स हिल धक्क्यावर आदळून बुडाली, तिच्यावरचे दोघे गेले. ‘अटॅक’ नावाचीच नौका किनाऱ्यावर फेकली गेली. ‘ॲडव्हान्स’ आणि ‘असेल’ (Assail) या दोन नौका तरल्या. त्या काळोखात इंजिनं चालू ठेवून, नौकेचं नाक वाऱ्याकडे धरून बसलेल्या माणसांचा विचार केला की मला ती नौका लहान वाटेनाशी होते.

पुढे मोठ्या ‘फ्रीमँटल’ वर्गाच्या नौका आल्या, तशी ही राखीव दलाच्या प्रशिक्षणासाठी गेली. ६ फेब्रुवारी १९८८ रोजी तिची सेवा संपली आणि ती संग्रहालयाकडे आली. मधल्या काळात एका टीव्ही मालिकेतही ती झळकली, पण ते गौण.

तिथे गेलात तर आधी ‘व्हॅम्पायर’च्या जवळपास १२० मीटर लांबीवरून नजर फिरवा, मग हिच्याकडे वळा. १९ जण या एवढ्या जागेत राहत होते.