वाचकांचे प्रश्न : फिल्मवरची पॅनोरमा छायाचित्रे

या वेळच्या पत्रांपैकी बरीच पत्रे फिल्म कॅमेऱ्याने पॅनोरमा, म्हणजे लांब पट्ट्यासारखे रुंद छायाचित्र, घेण्याविषयी आहेत. त्यांतले चार प्रश्न निवडले असून ज्यांच्या उत्तरांत विस्तार आवश्यक वाटला, तिथे जागेची काटकसर केलेली नाही.

प्रश्न : माझ्याकडे ३५ मिलिमीटर फिल्मचा एक छोटा जुना कॅमेरा असून त्यावर ‘पॅनोरमा’ असे बटण आहे. ते सरकवून घेतलेली छायाचित्रे रुंद येतात, पण दाणेदार आणि पुसट दिसतात. बिघाड कुठे असावा?

बिघाड कुठेच नाही. बटण सरकवल्यावर फिल्मसमोर वरून आणि खालून एकेक काळी पट्टी येते आणि ३६ × २४ मिलिमीटरची चौकट ३६ × १३ मिलिमीटरची उरते. लेन्सला आधी जेवढे दिसत होते त्याहून तसूभरही जास्त दिसत नाही. निगेटिव्हचा निम्म्याहून थोडाच अधिक भाग शिल्लक राहतो आणि लांब प्रिंटसाठी तो बराच मोठा करावा लागतो, म्हणून दाणे उठून दिसतात. बटणाला हात न लावता पूर्ण चौकट घ्यावी आणि प्रिंट करताना वरचा-खालचा भाग वगळावा. त्यामुळे क्षितिज पट्टीत कुठे बसवायचे, हे निवांतपणे ठरवता येते.

प्रश्न : फिरत्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा की स्थिर लेन्सचा रुंद चौकटीचा, याचा निर्णय होत नाही. दोघांच्या चित्रांत नेमका फरक काय पडतो?

हा प्रश्न कॅमेऱ्याच्या किमतीचा किंवा दर्जाचा नसून भूमितीचा आहे, आणि तो रोल भरण्यापूर्वीच समजून घेतला तर पुढची बरीच निराशा टळते.

वाइडलक्स किंवा रशियन होरायझन यांसारख्या कॅमेऱ्यांत फिल्म आतल्या बाजूला कमानीसारखी वळवून बसवलेली असते आणि लेन्स एका नळकांड्यात बसून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरते. लेन्समागची अरुंद उभी फट फिल्मवरून सरकत जाते आणि चित्र पट्टी-पट्टीने उमटते. होरायझन २०२ मध्ये २८ मिलिमीटरची लेन्स अशा रीतीने सुमारे १२० अंशांचा पट्टा २४ × ५८ मिलिमीटरच्या चौकटीत आणते. फिल्मच्या प्रत्येक बिंदूकडे लेन्स सरळ तोंड करून असल्यामुळे कडा काळवंडत नाहीत आणि टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा फाकत नाही.

याची किंमत सरळ रेषांना मोजावी लागते. समोर लांब भिंत असेल तर तिचा मधला भाग आपल्याला सर्वांत जवळ असतो, म्हणून तो सर्वांत उंच उमटतो. भिंतीची वरची कड मध्ये फुगते, पायाची कड मध्ये खाली उतरते आणि दोन्ही टोके निमुळती होतात. केवळ डोळ्याच्या उंचीवरची आडवी रेषा सरळ राहते. त्यामुळे अशा कॅमेऱ्यात पाणसळीचा बुडबुडा हा शोभेचा भाग नव्हे. कॅमेरा किंचित खाली झुकला की समुद्राचे क्षितिज टेकडीसारखे वर येते, आणि वर झुकला की त्याला मध्ये झोळ पडतो. माझ्या पहिल्या रोलमधल्या जवळपास प्रत्येक चौकटीत समुद्र असा वाकलेला होता. तेव्हापासून मी आधी बुडबुडा पाहतो आणि मग दृश्य.

जुन्या काळी मोठ्या जमावाचे छायाचित्र घेणाऱ्यांना ही भूमिती पाठ होती. १९०४ मध्ये पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा स्वतःच तिवईवर गोल फिरत असे आणि त्याच वेळी आतली फिल्म फटीमागून सरकत असे. त्याच्यापुढे शे-दोनशे माणसे बसवायची तर ती सरळ रांगेत न बसवता कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळात बसवत. सर्वांचे अंतर सारखे राहिल्यामुळे चित्रात ती रांग सरळ दिसे. फिरत्या लेन्सने समूहाचे छायाचित्र घेताना आजही हेच करावे. गतीचाही विचार हवा. लेन्स ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने धावणारी गाडी चित्रात लांबते आणि उलट दिशेने जाणारी आखडते.

स्थिर लेन्सच्या कॅमेऱ्यात फिल्म सपाट असते. हॅसलब्लॅडने फुजीफिल्मच्या सहकार्याने १९९८ मध्ये आणलेल्या एक्सपॅनची चौकट २४ × ६५ मिलिमीटर असून त्याच्या ४५ मिलिमीटर लेन्सने आडव्या दिशेत जेवढे दिसते, तेवढे दिसायला नेहमीच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याला सुमारे २५ मिलिमीटरची लेन्स लागते. लिनहोफ टेक्नोरामा ६१७ किंवा फुजी जी६१७ यांच्यासारख्या मोठ्या कॅमेऱ्यांत ‘१२०’ नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर अवघ्या चार चौकटी बसतात. या साऱ्यांत सरळ रेषा सरळच राहते. मात्र मध्यापेक्षा कडांवर प्रकाश कमी पोहोचतो, आणि लेन्स जितकी रुंद तितका हा फरक वाढतो. तो भरून काढण्यासाठी मध्यभागी गडद आणि कडेला स्वच्छ असलेला सेंटर फिल्टर लावतात, त्यामुळे एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, वाढवावे लागते आणि तिवई सोबत न्यावी लागते. शिवाय टोकाशी असलेली गोल वस्तू लंबगोल दिसते, म्हणून माणसे कडेला ठेवू नयेत.

माझे मत विचाराल तर इमारती, पूल आणि लांब किनाऱ्यांसाठी मी सपाट फिल्मचा कॅमेरा निवडेन. गर्दी, अरुंद गल्ली किंवा सभोवार वेढणारे डोंगर यांसाठी फिरती लेन्स. आपल्या मनात कोणते दृश्य आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. निवड तिथूनच सुरू व्हावी.

प्रश्न : माझ्या फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्याच्या चित्रांत आकाशावर उभे फिकट-गडद पट्टे येतात. फिल्म खराब असेल का?

पट्टे उभे असतील तर दोष बहुधा फिल्मचा नसतो. नळकांडे एका गतीने न फिरता अडखळत फिरते. जिथे ते मंदावते तिथे फिल्मला अधिक प्रकाश मिळतो आणि जिथे पळते तिथे कमी. वंगण घट्ट झाले की असे होते आणि बरेच दिवस पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात ते हमखास आढळते. रोल भरण्यापूर्वी शटर वीस-पंचवीस वेळा रिकामे चालवून पाहावे. तरीही पट्टे राहिले तर कॅमेरा उघडून साफ करून घेण्यावाचून इलाज नाही. रेघ आडवी आणि कडेपासून कडेपर्यंत सलग असेल, तर मात्र फटीत धुळीचा कण अडकला आहे का, ते आधी तपासावे. फट सरकते तसा तो कणही सरकतो आणि आपली रेघ ओढत जातो.

प्रश्न : साध्या फिल्म कॅमेऱ्याने तीन-चार छायाचित्रे घेऊन ती जोडली, तर जवळचे कुंपण तुटक दिसते. दूरचे डोंगर मात्र नीट जुळतात. असे का? रोल धुवायला देताना काही विशेष सांगावे लागते का?

आपण कॅमेरा ज्या बिंदूभोवती फिरवता, तो लेन्सच्या आत असायला हवा. तिवईचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाशी असल्यामुळे कॅमेरा वळताना लेन्स थोडी बाजूला सरकते आणि जवळच्या व दूरच्या वस्तूंची परस्पर जागा बदलते. डोंगरांना हा फरक जाणवत नाही, कुंपणाला जाणवतो. बिंदू शोधण्याची रीत सोपी आहे. एक काठी हातभर अंतरावर आणि दुसरी तिच्या बरोबर मागे, दूरवर उभी करावी. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना लेन्समधूनच दिसेल असा कॅमेरा घ्यावा आणि तो डावी-उजवीकडे वळवावा. काठ्या एकमेकींपासून सुटत असतील तर तिवई आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या सरकपट्टीवर कॅमेरा थोडा पुढे-मागे करून पुन्हा पाहावे. वळवूनही त्या एकीमागे एक राहिल्या की पट्टीवर खूण करून ठेवावी. त्या लेन्ससाठी ती खूण कायमची.

कॅमेरा उभा धरावा, प्रत्येक चौकटीत मागच्या चौकटीचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा यावा, एक्स्पोजर एकदा ठरवले की बदलू नये आणि सगळ्या चौकटी एकाच रोलवर घ्याव्यात, म्हणजे धुलाईतला फरक आड येत नाही. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा ३६० अंशांचा पॅनोरमा १३ मोठ्या काचांवर घेतला. काच बदलायला वेळ लागत असल्यामुळे त्या काळी मधल्या वेळात सावल्या सरकत. आपल्या हातात रोल आहे, तेव्हा ढग वेगाने धावत असतील तर शांतपणे पण न रेंगाळता चौकटी पुऱ्या कराव्यात.

आपला दुसरा प्रश्न लहान असला तरी महत्त्वाचा आहे, विशेषतः रुंद चौकटीच्या कॅमेऱ्यांसाठी. रोल कापणाऱ्याचा हात ३६ मिलिमीटरच्या चौकटीला सरावलेला असतो. एका प्रयोगशाळेने माझ्या एका रोलचे सहा-सहा चौकटींच्या मापाने तुकडे केले, आणि पहाटेच्या धुक्यातल्या नदीचे चित्र बरोबर नावेवर दुभंगले. ते आता जोडता येते, पण ती चीर प्रिंटमध्ये मला दिसतेच. म्हणून रोलच्या डबीवरच ठळक अक्षरांत ‘फक्त धुणे, कापू नये’ असे लिहावे, देताना तोंडीही सांगावे, आणि फिल्म अखंड परत आल्यावर प्रकाशाच्या पेटीवर ठेवून, दोन चौकटींमधली रिकामी जागा पाहून, आपल्या हाताने कापावी.