तुम्ही विचारा : मारामारीची मालिका आळीपाळीने खेळू लागते तेव्हा

या वेळी एकाच खेळावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. खेळ म्हणजे सेगाच्या रियू गा गोतोकू स्टुडिओचा 'याकुझा: लाइक अ ड्रॅगन'. जपानमध्ये तो जानेवारी २०२० मध्ये आला आणि बाकी जगात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. २००५ पासून ही मालिका म्हणजे किर्यू नावाचा नायक, रस्त्यावरची हाणामारी, बटणं बडवायची आणि समोरच्याला सायकल फेकून मारायची. या भागात मात्र मेन्यू उघडतो आणि प्रत्येक जण आपल्या टर्नची वाट बघतो, म्हणजे लढाई टर्न-बेस्ड आहे. कथेतली मोठी वळणं उत्तरांमध्ये टाळली आहेत. बाराव्या प्रकरणातल्या एका लढतीबद्दल विचारलंय, तेवढा अपवाद.

प्रश्न : किर्यूचे सगळे भाग खेळून झाले. चांगली चाललेली मारामारी काढून टर्न-बेस्ड करायची गरज काय होती? (सांगली)

तुमच्यासारखाच प्रश्न पुष्कळांना पडला होता. १ एप्रिल २०१९ ला स्टुडिओने टर्न-बेस्ड लढाईचा व्हिडिओ टाकला तेव्हा लोकांनी एप्रिल फूल समजून हसण्यावारी नेलं. ऑगस्टमध्ये खेळाची खरी घोषणा झाली आणि तीत तीच लढाई होती.

किर्यूची मुख्य गोष्ट २०१६ च्या सहाव्या भागात संपवली होती, त्यामुळे नवा नायक आणायचाच होता. किर्यू एकटा दहा जणांना लोळवतो, त्याला बटणं बडवण्याची लढाई शोभते. इचिबान कासुगा तसा नाही. न केलेल्या गुन्ह्यासाठी १८ वर्षं तुरुंगात काढून तो बाहेर येतो, खिशात दमडी नसते आणि जो काही तग धरतो तो सोबत्यांच्या जिवावर. शिवाय तो लहानपणापासून 'ड्रॅगन क्वेस्ट'चा वेडा आहे. लढाई सुरू झाली की त्याच्या डोळ्यांसमोर गल्लीतल्या टपोरीचा अवतार बदलतो आणि तो एखाद्या राक्षसासारखा दिसू लागतो. जमिनीत रुतलेली बेसबॉलची बॅट तो दंतकथेतली तलवार उपसावी तशी उपसतो. म्हणजे टर्न-बेस्ड लढाई ही या माणसाच्या डोक्यातली लढाई आहे. नुसता नियम बदलून नायक तोच ठेवला असता, तर तुमची तक्रार आम्हीही केली असती.

प्रश्न : कॉलेजच्या नियतकालिकासाठी या खेळाचं परीक्षण लिहायचं आहे. जुन्या भागांशी तुलना करत लिहू, की स्वतंत्र खेळ समजून? (नाशिक)

तुलना करा, पण बदल केला म्हणून गुण देऊ नका आणि कापूही नका. जुनी पद्धत कोणतं काम करत होती ते आधी लिहून काढा. मग नवी पद्धत ते काम करते का ते बघा. शेवटी, नवीन दुखणं कोणतं आलं ते शोधा.

जुन्या लढाईची मजा ठोसे मारण्यात होती तेवढीच जागेत होती. शेजारी वाहतुकीचा प्लास्टिकचा कोन असला तर तो उचलायचा, भिंत असली तर डोकं भिंतीवर आपटायचं. नव्या लढाईत ही मजा अर्धी शिल्लक आहे. साधा हल्ला करताना पात्राजवळ सायकल असेल तर ते आपणहून ती वापरतं. पण त्याला सायकलजवळ नेणं आपल्या हातात नाही. लढाईत सगळे आपापल्या मर्जीने घुटमळत असतात, आणि परीक्षणाचा खरा मुद्दा इथेच आहे.

एक टर्न नीट बघा. समोर तीन गुंड आहेत आणि टर्न इचिबानचा सोबती नानबा याचा. तोंडात दारू धरून लायटरवर फुंकायची, ही त्याची आगीची फुंकर. समोरच्या पट्ट्यात जेवढे उभे तेवढे भाजतात. तुम्ही मेन्यू उघडता तेव्हा तिघं एका रांगेत असतात. कौशल्य निवडून नेम धरेपर्यंत एक जण डावीकडे सरकतो, दुसरा मागे जातो, आणि आग एकालाच लागते. घाईला इथे बक्षीस नाही. मेन्यू उघडा असताना कोणी हल्ला करत नाही, पण घुटमळणं चालूच राहतं, म्हणून ते परत जवळ येईपर्यंत बोट आवरून धरायचं. उलट गुंड खाली पडलेला असेल तर एक क्षणही दवडायचा नाही. तो उठायच्या आत फटका बसला तर जास्त लागतं, आणि उठायला तो तुमच्या टर्नची वाट बघत नाही. वाटेत दुसरा गुंड उभा असेल तर धावत निघालेल्या आपल्या माणसाला तो मध्येच अडवू शकतो.

म्हणजे नावाला टर्न-बेस्ड असलेल्या या लढाईत घड्याळ चालूच असतं, फक्त त्यातले अर्धे काटे खेळणाऱ्याच्या हातात दिलेले नाहीत. आमच्या मते हाच या खेळाचा सगळ्यात मोठा दोष आहे. तुम्हाला तो दोष वाटतो की गंमत, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण या एका टर्नचं वर्णन परीक्षणात आलंच पाहिजे. 'लढाई कंटाळवाणी आहे' एवढं लिहिल्याने वाचकाला काहीही कळत नाही.

कुठपर्यंत खेळून लिहायचं, हेही महत्त्वाचं. एकूण १५ प्रकरणं आहेत आणि मुख्य कथेलाच साधारण ४५ तास लागतात. पहिल्या काही प्रकरणांत चित्रफितीच जास्त आहेत. पात्रांचे जॉब, म्हणजे लढण्यातल्या भूमिका, बदलण्याची सोय पाचव्या प्रकरणात येते, म्हणजे तोवर नवी पद्धत तुम्ही पुरती पाहिलेलीच नसते. आणि बाराव्या प्रकरणात अशी एक भिंत आहे की तोवर कौतुक करणारेही वैतागतात. दहा तास खेळून लिहिलेलं परीक्षण आणि बाराव्या प्रकरणानंतर लिहिलेलं परीक्षण ही दोन वेगळ्या खेळांची वाटतील. मुदतीत सगळा खेळ होणार नसेल तर कोणत्या प्रकरणापर्यंत पोहोचलात ते सरळ लिहा. त्यात कमीपणा नाही.

मालिकेचं जुनं सामान आणि नवा बदल यांची गल्लतही करू नका. कॅराओके, माजाँग, शोगी, रस्त्यात भेटणाऱ्या विक्षिप्त लोकांच्या उपकथा आणि लांबलचक संवाद हे सगळं आधीपासूनच होतं. त्याचं श्रेय किंवा खापर टर्नवर टाकू नका. आणि 'जुन्या चाहत्यांना हा भाग रुचणार नाही' हे वाक्य कृपा करून गाळा. त्यापेक्षा जुन्या चाहत्याच्या हातातलं कोणतं कसब इथे कामाला येतं ते सांगा. ते कसब म्हणजे अचूक वेळ साधणं, आणि त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलंच आहे.

प्रश्न : बाराव्या प्रकरणात माजिमा आणि साएजिमा हे मालिकेतले जुने दोन दांडगे एकत्र अंगावर येतात तिथे सहा वेळा हरलो. दर वेळी पैसेही जातात. काय चुकतंय? (ठाणे)

तुमचं फारसं काही चुकत नाहीये. अकराव्या प्रकरणापर्यंत कथेसोबत चालत राहिलं तरी लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीचा आकडा, पुरते. इथे शत्रूची लेव्हल एकदम उडी मारते आणि खेळ तसं धड बजावत नाही. तुमची लेव्हल चाळीसच्या आसपास असेल तर डावपेच कितीही चांगले असले तरी फटक्यांची गोळाबेरीज जुळत नाही. चौघंही पन्नासाव्या लेव्हलला पोहोचल्याशिवाय पुन्हा जाऊ नका.

लेव्हल वाढवण्याची सोय तिथेच आहे. सोतेनबोरी म्हणजे ओसाकातल्या दोतोनबोरीवर बेतलेला भाग. तिथलं लढतींचं मैदान याच सुमाराला उघडतं. मजल्यामागून मजला जिंकत जा. पात्राची लेव्हल आणि जॉबची रँक दोन्ही वाढतात, वर बक्षिसंही मिळतात. दुसरा मार्ग योकोहामाच्या गटारांचा. तिथे अधूनमधून एक भटक्या भेटतो ज्याला साधा फटका जेमतेम लागतो आणि जो संधी मिळताच पळतो. त्याची दुखरी नस वेगवेगळी असते, कधी आग, कधी वीज, कधी धारदार हत्यार. म्हणून चौघांकडे वेगवेगळ्या प्रकारचे हल्ले ठेवून उतरा. एक जरी सापडला तरी साध्या डझनभर लढायांची कसर भरून निघते.

पैशाचं कारण सोपं आहे. हरल्यावर जवळची निम्मी रोकड जाते. एटीएममध्ये भरलेली जात नाही. मोठ्या लढतीआधी पैसे भरा, मग सेव्ह करा.

लढतीत दोन गोष्टी सांभाळा. पहिली, इचिबान पडला की खेळ संपला, बाकी तिघं ठणठणीत असले तरी. त्यामुळे त्याची ताकद निम्म्यावर आली की पुढचा टर्न कोणाचाही असो, त्याला बरं करायचं. 'अजून एक फटका मारून घेऊ' म्हणणारे इथेच हरतात. दुसरी, परफेक्ट गार्ड, म्हणजे वार अचूक वेळी अडवणं. शत्रूचा वार नेमका अंगावर पडतो त्या क्षणी प्लेस्टेशनवर सर्कल किंवा एक्सबॉक्सवर बी एकदाच दाबायचं. हात उगारला म्हणून दाबलंत तर लवकर होतं, आणि सतत बडवत राहण्याचा उपयोग नाही. रस्त्यावरच्या फुटकळ टपोऱ्यांवर सराव करा, कारण तिथे चुकलं तरी महागात पडत नाही. दोघांवर थोडं थोडं मारत बसू नका. एक जण संपवला की दर फेरीत येणारे वार जवळपास निम्मे होतात, मग श्वास घ्यायला जागा मिळते.

प्रश्न : चौघांचे जॉब एकदम बदलले आणि पार्टी, म्हणजे लढणारी चौकडी, अगदीच लेचीपेची झाली. परत जुने घेऊ? (फोंडा, गोवा)

दोघांचे परत घ्या. पात्राची लेव्हल आणि जॉबची रँक या वेगळ्या गोष्टी आहेत. नवा जॉब पहिल्या रँकपासून सुरू होतो, त्यात कौशल्यं दोन-तीनच असतात, आणि हत्यार जॉबप्रमाणे लागतं, म्हणजे जुनं भारी हत्यार पेटीत पडून राहतं. चौघांचं हे एकाच वेळी झालं की असंच होणार. यापुढे एका वेळी एकाचाच जॉब बदला आणि त्याचं हत्यार आधी विकत घेऊन ठेवा. काही कौशल्यं जॉब बदलला तरी पात्राबरोबर राहतात. मेन्यूत तशी खूण असते, ती मिळेपर्यंत थांबून मग पुढच्या जॉबकडे वळा. नानबाचा मूळचा बेघराचा जॉब दिसायला गमतीचा आहे, कबुतरंसुद्धा सोडतो, पण बरं करणं आणि आग दोन्ही त्यात असल्याने तो बराच काळ बदलू नये. फुटक्या भिंतींमागचा माल काढायला मात्र कोणाला तरी थोडे दिवस फोरमनचा जॉब द्यावा लागेल.

जाता जाता, जॉब बदलण्याचं ठिकाण 'हॅलो वर्क' हे जपानच्या सरकारी रोजगार कार्यालयांचं खरं नाव आहे. 'ड्रॅगन क्वेस्ट'सारख्या खेळांत यासाठी देवळात जावं लागतं. इथे बेकार माणूस सरकारी काउंटरवर जातो.

प्रश्न : हत्यारं सुधारायला पैसे कुठून आणायचे? (बेंगळुरू)

पाचव्या प्रकरणात हाती येणाऱ्या मिठाईच्या कंपनीतून. रस्त्यावर मारामारी करून मिळतात ती चिल्लर. माणसं नेमा, दुकानं वाढवा आणि भागधारकांच्या सभेवर लक्ष द्या, कारण बहुतेकांची कंपनी तिथेच घसरते. सभेत तुमच्या माणसांचे आणि भागधारकांचे रंग असतात. ते दगड-कागद-कात्रीसारखे एकमेकांवर मात करतात. सगळी हुशार माणसं एकाच रंगाची बसवलीत तर विरुद्ध रंगाचा एक म्हातारा सभा उधळून लावतो. दोन-तीन तास सलग यालाच द्या, पुढे पैशाची ददात राहत नाही. वर एरी नावाची सोबतीणही मिळते, जी हा धंदा न करणाऱ्यांना भेटतच नाही.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे. टर्न-बेस्ड आहे म्हणजे सौम्य असेल, असं तो सांगतो. घेऊन देऊ का? (कोल्हापूर)

नको. युरोपात या खेळाला १८ वर्षांवरचं प्रमाणपत्र आहे, अमेरिकेत १७ वरचं. कथेत गुन्हेगारी टोळ्या, देहविक्रय आणि खून आहेत. टर्न घेऊन मारल्याने मार सौम्य होत नाही.

प्रश्न : थेट पुढचा भाग 'इन्फिनिट वेल्थ' घेतला तर चालेल का? (न्यू जर्सी)

लढाईपुरतं बोलायचं तर तो सरस आहे. जानेवारी २०२४ च्या त्या भागात आपल्या टर्नला पात्राला एका वर्तुळात हवं तिथे नेता येतं, म्हणजे वर सांगितलेलं दुखणं बऱ्यापैकी बरं केलंय. पण गोष्ट इचिबानचीच पुढे चालते आणि आधीच्या भागातले लोक ओळखीचे धरूनच बोलते. सोबत्यांशी जीव जडलेला नसेल तर त्या भागातले होनोलुलूत घडणारे अर्धे प्रसंग कोरडे वाटतील. आधी २०२० चा खेळा. आणि हाणामारीच हवी असेल तर २०२३ चा किर्यूचा 'लाइक अ ड्रॅगन गायदेन' आहे; स्टुडिओने जुनी पद्धत टाकून दिलेली नाही, फक्त नायक बघून वाटून दिली आहे.

प्रश्न : पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर नवव्या प्रकरणात आहे. आता पीएस५ घेतला. सेव्ह नेता येईल? (औरंगाबाद)

पीएस५ च्या आवृत्तीत नाही, ती पीएस४ चा सेव्ह उघडतच नाही. पीएस५ वर पीएस४ चीच आवृत्ती उतरवून घ्या आणि तिथूनच पुढे खेळा.