केडम्पचा दुसरा कर्नल मध्येच अडकतो, तेव्हा शोध कुठून सुरू करावा?

तुमची अडचण अशी आहे की लिनक्सवर केडम्प (कर्नल कोसळल्यावर राखीव मेमरीतून दुसरा कर्नल सुरू करून पहिल्याच्या मेमरीची प्रत, म्हणजे डंप, वाचवणारी सोय) बसवला, मुद्दाम पॅनिक, म्हणजे कर्नलचे कोसळणे, घडवून पाहिले, पण यंत्र गप्प झाले. व्हीएमकोअर, म्हणजे त्या डंपची फाईल, तयार झाला नाही आणि लॉगही मागे राहिला नाही. लॉग राहणारच नाही, कारण पहिला कर्नल मेलेला असतो आणि दुसऱ्याच्या हाती अजून डिस्क आलेली नसते. म्हणून सर्वांत आधी सिरियल कन्सोल (कर्नलचे संदेश सिरियल पोर्टवरून बाहेर दाखवणारी जोडणी) जोडा आणि दुसऱ्या कर्नलच्या कमांड लाईनमध्येही तो अर्लीप्रिंटके या, अगदी सुरुवातीचे संदेश छापणाऱ्या पॅरामीटरसह दिलेला आहे याची खात्री करा. त्यावर उमटलेली शेवटची ओळ सापडेपर्यंत कोणतेही सेटिंग बदलू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

पॅनिकच्या संदेशानंतर एकही ओळ आली नाही, तर सिसएफएसमधील (कर्नलची स्थिती फाईलींच्या रूपात दाखवणाऱ्या भागातील) केएक्सेक-क्रॅश-लोडेड या फाईलमध्ये 1 आहे की 0, ते पाहा. 0 असेल तर दुसरा कर्नल लोडच झालेला नाही. 1 असेल, तर पर्गेटरी हा मधला छोटा टप्पा संशयित ठरतो. तो राखीव मेमरीतल्या प्रतिमेचा एसएचए-256 हॅश (मजकूर बिघडलेला नाही हे ओळखण्याचा ठसा) तपासतो आणि तो जुळला नाही तर तिथेच अनंत लूपमध्ये थांबतो. ओळी येऊन पुढे ओओएम किलर (मेमरी संपल्यावर प्रोसेस बंद पाडणारा कर्नलचा भाग) दिसला, तर राखीव मेमरी अपुरी आहे. क्रॅशकर्नलचा, म्हणजे राखीव मेमरीचा, आकडा वाढवण्याआधी इनिटरॅमएफएसमधली (बूट होताना मेमरीत उघडणाऱ्या प्राथमिक फाईल सिस्टिममधली) अनावश्यक मॉड्यूल काढा आणि एनआर-सीपीयूज, म्हणजे वापरायच्या सीपीयूंची संख्या, 1 ठेवा.

खरा त्रास देतात ती उपकरणे. केएक्सेकची, म्हणजे एका कर्नलमधून थेट दुसऱ्यात जाण्याची, उडी फर्मवेअरला वगळून होते, त्यामुळे नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर रीसेट होत नाही. अर्धवट राहिलेला डीएमए (उपकरणाने थेट मेमरीत केलेली देवाणघेवाण) आणि इंटरप्ट (उपकरणाने सीपीयूला दिलेली हाक) यांच्यासकट ते दुसऱ्या कर्नलच्या हाती पडते. एका सर्व्हरवर माझे यातच काही दिवस गेले. रिकाम्या यंत्रावर डंप दरवेळी मिळायचा, मात्र डिस्कवर जोरात लेखन चालू असताना पॅनिक घडवले की स्टोरेज ड्रायव्हर सुरू होतानाच कन्सोल थांबायचा. आम्ही हाताने लिहिलेल्या कमांड लाईनमधून रीसेट-डिव्हायसेस हा पॅरामीटर गळला होता. तो दिला, आणि ड्रायव्हर त्याची दखल घेणारा असल्यामुळे, म्हणजे त्याने सुरुवातीलाच कंट्रोलर रीसेट केल्यामुळे, डंप मिळू लागला. ड्रायव्हर या पॅरामीटरकडे पाहतच नसेल, तर तो देऊन काही उपयोग होत नाही; तेव्हा ड्रायव्हरचा सोर्स उघडून पाहावाच लागतो.

ड्रायव्हर सुरू होऊनही डंप लिहिला जात नसेल, तर केडम्पच्या कॉन्फिगरेशनमध्ये अपयशानंतरची कृती शेल अशी ठेवा. त्या शेलमध्ये प्रॉक-व्हीएमकोअर (पहिल्या कर्नलची मेमरी दाखवणारी फाईल) दिसतो का, डंपची डिस्क माउंट होते का आणि तिच्यावर जागा उरली आहे का, हे स्वतः तपासता येते. यानंतरची प्रत्येक चाचणी भाराखालीच घ्या, कारण प्रत्यक्षातला पॅनिक बहुधा यंत्र कामात असतानाच येतो.