शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या जमातींत वैद्य असतो का, की सगळं जडीबुटीवरच चालतं?

प्रत्येक जमातीची रीत वेगळी, त्यामुळे एकच सांगतो. मानववंशशास्त्र शिकताना ज्यांनी मला सर्वांत जास्त चक्रावून सोडलं ते आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातले जू-होआन्सी. नामिबिया-बोट्स्वाना सीमेवरचे, सान नावाच्या आदिवासी समूहातले लोक. आता किराणा दुकान, गुरं, सरकारी पेन्शन हेही त्यांच्या जगण्यात आलंय, पण उपचाराचा नाच टिकून आहे.

त्यांच्यात वैद्य 'एक' नसतो. 1960 च्या दशकात अभ्यासक तिथे राहिले, तेव्हा प्रौढ पुरुषांतले जवळपास निम्मे उपचार करणारे निघाले!

रात्री बायका शेकोटीभोवती खेटून बसतात, टाळ्या वाजवत गातात. पुरुष पायांत सुकलेल्या कोशांचे खुळखुळे बांधून भोवती फेर धरतात. काही तासांनी एखाद्याच्या पोटातलं 'नॉम', म्हणजे उपचाराची शक्ती, तापून कण्यातून वर चढतं. (उच्चारात आपण हळहळताना चुकचुकतो तो आवाज मिसळायचा. मला अजून जमलेला नाही.) मग तो थरथरत लोकांवर हात ठेवतो, घाम चोळतो, आजार ओढून काढतो आणि अंधाराकडे बघून मेलेल्यांना शिव्या घालतो. मेलेल्यांना आपल्या माणसांची आठवण येते, म्हणून ते न्यायला येतात, अशी समजूत.

आपल्याकडच्या अंगात येण्यासारखं वाटेल, पण इथे कुणी कौल मागत नाही. आणि हात फक्त आजाऱ्यावर नाही, धडधाकट माणसावर, तान्ह्या बाळावर, पाहुण्यावरही ठेवला जातो.

वनस्पतीही आहेतच. लांबच्या शिकारीत भूक मरावी म्हणून सान लोक हूडिया नावाची काटेरी वनस्पती चघळतात. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने सान लोकांना न विचारताच तिच्यावर पेटंट घेतलं. नफ्यातल्या वाट्याचा करार व्हायला 2003 उजाडलं. गंमत म्हणजे त्या संस्थेचं नावही सीएसआयआर. माशेलकर असताना हळदीचं अमेरिकी पेटंट रद्द करून घेणारी आपली संस्थाही सीएसआयआरच.

'जंगलात राहणारे आजारी पडत नाहीत' हे मात्र मनातून काढा. त्याच 1960 च्या दशकातल्या नोंदींत पाचातलं एक मूल पहिल्या वर्षातच जात होतं. आज क्षयरोग मोठा आहे. दवाखान्यातून गोळ्या आणतात, आणि रात्री नाचालाही बसतात.