त्याला विचारलंस का?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ खरा होता, हे मला मान्य आहे. जेल रोडवरच्या त्या मोबाईल दुरुस्तीवाल्याने बाईंच्या हातातून फोन हिसकावला, तो ओरडला, बाई रडवेल्या झाल्या. जसं घडलं तसं तू तुमच्या चॅनेलवर टाकलंस, मधलं काही कापलं नाहीस, पदरचं काही घातलं नाहीस. आणि तरी बातमी खोटी होती. हे तुझ्या गळी उतरत नाहीये म्हणून हे पत्र. तोंडी सांगायला गेलं की तू मध्ये बोलतोस आणि मी चिडतो.

त्या फोनची बॅटरी फुगली होती. मागचं झाकण एका कडेने उचललं गेलं होतं, आणि बाई "जरा चार्जिंगला लावून बघते" म्हणत काउंटरवरची पिन उचलत होत्या. लिथियमच्या बॅटरीत वायू साचून ती अशी फुगली की तिला चार्जिंग लावणं धोक्याचं, ती पेट घेऊ शकते. त्या धंद्यातल्या पोऱ्यालाही हे ठाऊक असतं. त्याने ओरडायला नको होतं, ते मी त्यालाही सांगेन. पण हिसकावला नसता तर काय केलं असतं त्याने? हे सगळं तुला कळलं कधी, तर तो स्वतः तुमच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून आला तेव्हा. तोवर 'महिला ग्राहक से बदसलूकी' या तुझ्या मथळ्यासकट ती क्लिप अर्ध्या इंदूरने पाहिली होती. तू ती काढलीस, बरं केलंस. लोकांच्या फोनमधून ती निघत नाही, हे तुला मी सांगायला नको.

परवा तू मला यादी वाचून दाखवलीस. क्लिप पाठवणाऱ्याला फोन केला, शेजारच्या दुकानदाराशी बोललो, त्या बाईंशी बोललो. मेहनत घेतलीस, नाही म्हणत नाही. पण मी एकच विचारलं होतं आणि तेच पुन्हा विचारतो. त्याला विचारलंस का? पलासियाहून जेल रोडला जायला कितीसा वेळ लागतो? दुकानाच्या पाटीवर त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता आणि तो तुझ्याच व्हिडिओत दिसतो. आता म्हणतोस, "काका, तो खोटंच बोलला असता." बोलला असता तर ते छापायचं. खोटं बोलायची संधीसुद्धा त्याची त्याला द्यायला हवी होती, ती तू तुझ्याकडे ठेवलीस.

बाकीच्यांना विचारणं सोपं का असतं, याचा मी आयुष्यभर विचार केला आहे. बाकीचे मान डोलावतात. तू जे मनात धरून गेलेला असतोस त्यात ते आपली भर घालतात, आणि परत येताना तुझी खात्री दुप्पट झालेली असते. "नाही, असं झालं नाही" म्हणू शकणारा एकच माणूस असतो आणि आपण त्यालाच टाळतो. या टाळण्याला तुम्ही 'वेळ नव्हता' म्हणता. वेळ होता रे. ते 'नाही' ऐकायची तयारी नव्हती.

आमच्या वेळी डेस्कवर एक वाक्य कायमचं तयार असायचं: 'उनसे संपर्क नहीं हो सका.' रात्री पावणेअकराला, पान सुटायच्या बेतात असताना, बंद दुकानाच्या नंबरावर एकदा घंटी वाजवायची आणि हे वाक्य बातमीच्या शेपटीला लावून द्यायचं. कित्येकदा तीही घंटी वाजलेली नसायची. मी शहर पानावर होतो तेव्हा ते वाक्य दिसलं की कॉपी परत पाठवायचो. किती वाजता फोन केला? कुणी उचलला? दुपारी का नाही केला? पोरं वैतागायची, माझ्या पाठीमागे काय म्हणायची तेही मला माहीत आहे. प्रेस कौन्सिलने पत्रकारांसाठी जी आचारसंहिता छापली आहे तीत हे स्वच्छ लिहिलेलं आहे: कुणावर आरोप करणारा मजकूर आला तर छापण्याआधी त्याच माणसाकडून किंवा संस्थेकडून त्यांची बाजू घ्यावी, आणि उत्तर आलंच नाही तर तशी टीप द्यावी. तुमचा चॅनेल कागदावर निघत नाही म्हणून हे आपल्याला नाही, असं मला सांगू नकोस. त्या दुकानदाराच्या मुलीला वर्गात जे ऐकावं लागलं ते कागदावरच्या बातमीने ऐकावं लागतं तेवढंच होतं.

या शहरात ही शिस्त होती, निदान तिचा मान होता. १९४७ साली निघालेल्या 'नई दुनिया'ने वाचकांच्या पत्रांना किती जागा दिली, ते जुने अंक काढून बघ. राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी ही हिंदी पत्रकारितेतली मोठी माणसं त्याच दैनिकातून पुढे आली, आणि त्यातले बारपुते तर आपल्याच मराठी घरांतले. ज्याच्याविषयी छापून यायचं त्याला त्याच पानांत उत्तर देता यायचं, आणि ज्यांनी बातमी वाचली तेच लोक ते उत्तर वाचायचे. तुझ्या क्लिपखाली त्या माणसाने उत्तर लिहिलं असतं तर ते शिव्यांच्या ढिगाऱ्यात कुणाला दिसलं असतं? नंतर उत्तर द्यायची जागाच तुमच्याकडे उरलेली नाही. म्हणून आधी विचारणं तुम्हाला आमच्यापेक्षाही जास्त गरजेचं आहे, आणि तुम्ही नेमकं तेच सोडलंत.

१ जुलै २०१८ हा दिवस तुला आठवत नसेल, तू शाळेत होतास. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज फिरत होते. त्या जमावाने त्यांच्याबद्दल सगळं आधीच ऐकलेलं होतं, त्यांचं ऐकायला तो तयार नव्हता. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने मेसेजवर 'फॉरवर्डेड'ची पट्टी आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. चांगलं केलं. पण समोरच्या माणसाला "तुम्ही कोण, कुठून आलात" हे विचारून शांतपणे ऐकून घ्यायचं काम कुठलीही पट्टी करत नाही. ते माणसाने करायचं असतं, आणि बातमीदार म्हणून तू त्याचा पगार घेतोस.

तू म्हणशील, आधी विचारलं तर बडी धेंडं सावध होतात, वरून फोन येतात, कोर्टाची मनाई येते. येते ना. म्हणून आधी कागद हातात घे, साक्षी पक्क्या कर, खबर देणाऱ्याचं नाव पोटात ठेव, आणि मगच विचार. पण विचार. एका रेशन दुकानदाराला आम्ही विचारलं तेव्हा त्याने फोनवर आमच्या बातमीदाराचा उद्धार केला आणि त्या तावातावात साठा कुठे हलवला तेही बोलून गेला. विचारल्याने बातमी मरते हा तुम्हा लोकांचा भ्रम आहे. मरते ती कच्ची बातमी, आणि तिने मरावंच.

यात माझं नुकसान झालं, हेही तुला सांगतो, कारण तुझ्या ऑफिसातले लोक तुला माझं उदाहरण देत असतील. एका डॉक्टरांविरुद्ध तक्रार आली होती, कागद भक्कम दिसत होते, आणि डॉक्टर गावाला गेलेले. मी म्हणालो, ते येईपर्यंत थांबायचं. दुसऱ्या पेपरने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर लावली. मला शहर पानावरून काढून बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीच्या डेस्कवर बसवलं आणि निवृत्तीपर्यंत मी तिथेच राहिलो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं संपादक झाली. डॉक्टर दोषी होते की नव्हते, हा प्रश्न इथे नाहीच. ते दोषी निघाले असते तरी मी थांबलोच असतो. त्या निर्णयाबद्दल मला कधी एका शब्दानेही वाईट वाटलेलं नाही. वाईट याचं वाटतं की डाकेवर बसल्यावर कॉपी परत पाठवायचा अधिकार गेला, आणि ते 'संपर्क नहीं हो सका' पुन्हा बिनदिक्कत छापून येऊ लागलं. रोज सकाळी ते वाचायचो. असो.

तुझ्या मित्राचं मला फार ऐकायचं नाही. तो तुझ्याबद्दल काहीतरी बोलला असं तुला तिसऱ्याने सांगितलं, तू ग्रुप सोडलास आणि स्टेटसला शेर टाकलास. ज्याच्यासाठी टाकलास तो सोडून सगळ्यांनी वाचला असेल. तो तुझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. त्याला विचारलंस का?

आता बाबांचं. हे जरा थांबून वाच.

पुण्याची नोकरी घ्यायची ठरवलीस, हे तू आईला लिहिलंस. लांबलचक, चांगलं लिहिलंस म्हणे. आईने ते बाबांना पुढे पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही, आणि तू त्या खुणांवरून ठरवलंस की बाबा नाराज आहेत, बाबांना तुझी कदर नाही. आपल्या घरांत आई म्हणजे टपालखातं झालेली असते. "बाबांना सांग", "त्याला म्हणावं", दिवसभर तिची नेआण चालू. रामबागेतल्या आमच्या वाड्यात थोरले काका खाली आणि धाकटे काका वर राहायचे. देव कुणाकडे राहणार यावरून बिनसलं होतं, आणि दोघांचे निरोप जिन्यावरून वरखाली आम्ही पोरं पोचवायचो. निरोपाला आपापली फोडणी प्रत्येक जण घालायचा. ते दोघे समोरासमोर बसून एकदाही बोलले नाहीत. थोरले गेल्यावर धाकट्यांनी देव स्वतःच खाली आणून वहिनींच्या हाती दिले; त्यांना ते कधी हवेच नव्हते. हे मी लहानपणी पाहिलं आहे, म्हणून मी असा हट्टी आहे.

मंगळवारी तुझे बाबा माझ्याकडे आले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तुझा मेसेज होता आणि त्याच्या डोक्यावर बारीक करड्या अक्षरांत 'फॉरवर्डेड'. गुड मॉर्निंगच्या गुलाबांवर असते तीच पट्टी. त्यांनी मला एवढंच विचारलं, "हे त्यानेच लिहिलंय ना रे?" हे तुला सांगू का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, सांग. म्हणून सांगतो आहे, नाहीतर सांगितलं नसतं.

तुझ्या आईचा काल फोन होता: "भाऊजी, तुम्हीच त्यांची समजूत घाला, तुमचं ऐकतात." मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं असेल. पण मी तुझ्या बाबांना शाळेपासून ओळखतो, आणि माझ्या तोंडून ऐकलेला तुझा निर्णय त्यांना कायम माझाच वाटेल. हे काम मी करणार नाही, तूही मला परत सांगू नकोस.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. विचारायला जा, हे मी तुला सांगतो आहे. घरात मार खाणाऱ्या पोरीला "त्यालाच जाऊन विचार" असं मी कधी सांगणार नाही. तिथे आधी तिला सुरक्षित जागी न्यायचं. तुझ्यापुढे असा धोका नाही. तुझ्यापुढे फक्त अवघडलेपण आहे, आणि त्याला तू उगाच मोठमोठी नावं देतो आहेस.

आणि विचारायचं ते मेसेजने नको. 'तुम्ही नाराज आहात का?' हे स्क्रीनवर वाचलं की जाब विचारल्यासारखं वाटतं. आवाजात तेच वाक्य काळजीचं होतं. एक मिस्ड कॉल देऊन "मी प्रयत्न केला" म्हणायचं असेल तर आधीच सांग, म्हणजे मी पुढचं पत्र लिहिणार नाही. ज्या शहरात अनोळखी माणूस पोह्याच्या गाडीवर "क्या हुआ भिया?" म्हणून चौकशी करतो, तिथे तुला सख्ख्या बापाला दोन शब्द विचारायला अडचण पडावी, याचा मला खरोखर राग येतो.

दुकानदाराकडे दुपारी तीननंतर जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. कॅमेरा नेऊ नकोस. तो आधी बोलेल, बराच वेळ बोलेल. मध्ये तोंड घालू नकोस. मग त्याची बाजू छापायला परवानगी माग, आणि ती पहिल्या बातमीएवढ्याच मोठ्या मथळ्याने लाव, तुमचा संपादक काहीही म्हणो. मित्राला फोन कर. बाबा रविवारी सकाळी घरीच असतात. पुण्याचं पत्र मिळालं असेल तर ते बरोबर घेऊन जा, पगार किती, राहायचं कुठे, ते विचारतील. आईला त्या वेळी स्वयंपाकघरातून हाक मारू नकोस.

तुझा,
काका