'डबल इन्डेम्निटी' (म्हणजे दुप्पट भरपाई) या हॉलिवूडच्या सिनेमातला विमा एजंट नेफ धंद्यात इतका मुरलेला माणूस, मग त्याचा डाव फसला कुठे? आणि असा क्लेम आपल्याकडे पास झाला असता का?

डाव फसला डीट्रिकसनच्या, म्हणजे ज्याचा खून होतो त्याच्या, मोडलेल्या पायात. खुनात नाही, आगगाडीत नाही, बाईच्या बेइमानीत तर नाहीच. या सिनेमावर लिहिणारे डीट्रिकसनची बायको फिलिस हिचा सोनेरी विग, तिच्या पायातली साखळी आणि भिंतीवर पडणाऱ्या खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या यांच्यापुढे सरकत नाहीत. जॉन साइट्झचा कॅमेरा आहेच तसा, मान्य. पण १९४४ चा हा सिनेमा मुळात एका क्लेम फाइलची गोष्ट आहे. मी क्लेमच्या टेबलाकडचा माणूस, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

गोष्ट एका ओळीत: विम्याच्या पैशासाठी नेफ आणि फिलिस मिळून डीट्रिकसनला मारतात, नेफ त्याच्या वेशात आगगाडीत चढतो, मध्येच उतरतो आणि दोघं प्रेत रुळावर टाकतात. बाकी फक्त फाइल उघडतो. काळ १९३८, गाव लॉस एंजेलिस. मोटारीच्या विम्याच्या नूतनीकरणाच्या कागदांत नेफ अपघात विम्याचा प्रस्ताव सरकवतो आणि डीट्रिकसन न वाचता सही ठोकतो. रक्कम ५०,००० डॉलर, रेल्वे अपघातात मृत्यू झाला तर दुप्पट. हे दुपटीचं कलम लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. त्या काळच्या अमेरिकन पॉलिसींत रेल्वेसारख्या सार्वजनिक वाहनातल्या अपघाताला दुप्पट रक्कम सर्रास असायची. कारण उघड आहे. प्रवासी म्हणून गाडीत बसलेला माणूस अपघातात मरणं दुर्मीळ, म्हणून कंपनीला कलम स्वस्त पडतं आणि एजंटला गिऱ्हाइकापुढे मोठा आकडा नाचवता येतो. नेफला हे गणित पाठ आहे, म्हणून तो आगगाडीचाच हट्ट धरतो. आणि तिथेच फाइलवर पहिली लाल खूण पडते: जे कलम सहसा कधी लागूच होत नाही, ते नव्याकोऱ्या पॉलिसीत लागू झालंय.

आता पाय. खुनाआधी डीट्रिकसनचा पाय मोडतो, प्लास्टर बसतं, कुबड्या येतात. नेफला वाटतं, हे आयतंच झालं: कुबड्या घेऊन गाडीत चढणाऱ्याचा चेहरा कोण बघतो, लोक कुबड्याच बघतात. वेशांतर म्हणून कल्पना बिनतोड आहे. विमा म्हणून आत्मघातकी. माणसाकडे अपघाताची पॉलिसी चालू आहे, त्याचा पाय मोडलाय, आणि त्याने क्लेमच टाकलेला नाही! असं कोणी करत नाही. चार पैशांच्या औषधाची पावतीसुद्धा लोक फाइलला जोडतात. कंपनीचा क्लेम मॅनेजर बार्टन कीज नेमका इथे अडतो. नेफच्या घरी येऊन तो बोलून दाखवतो की त्या माणसाला आपला विमा आहे हे ठाऊकच नसेल तर? म्हणजे उत्तर त्याच्या तोंडून बाहेर पडलेलं असतं. आणि पुढच्याच वाक्यात तो ते स्वतः खोडतो, कारण पॉलिसी नेफने जातीने नेऊन दिली होती आणि चेकही आणला होता. एजंटचा शब्द त्याने पुरावा म्हणून धरला. तो धरला नसता तर सिनेमा तिथेच संपला असता. त्या क्षणी दाराबाहेर फिलिस उभी असते आणि बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या दारामागे ती लपते. लोक तेवढंच लक्षात ठेवतात, पण खरा थरार दाराआधीच्या त्या दोन वाक्यांत आहे.

दुसरी चूक याहून ढळढळीत, आणि तिची चर्चा मी कुठे वाचलेली नाही. सहीच्या रात्री खोलीत बायकोखेरीज आणखी कोणीतरी साक्षीदार हवा, असा नेफचाच आग्रह असतो. म्हणून डीट्रिकसनची मुलगी लोला तिथे बसलेली असते. पण लोलाने ऐकलं काय? बापाने अपघात विमा वैतागून झटकून टाकला, आता भूकंपाचा विमाही गळ्यात माराल म्हणून टोमणा हाणला, हे ऐकलं. म्हणजे नेफने आपल्या बाजूचा म्हणून बसवलेला साक्षीदार खरं तर कंपनीचा साक्षीदार आहे. लवकर आलेल्या क्लेममध्ये पहिली दोन कामं ठरलेली असतात: प्रस्तावावर सही झाली तेव्हा खोलीत कोण होतं ते शोधायचं आणि त्या प्रत्येकाचा वेगवेगळा जबाब घ्यायचा, वारसदाराला बाजूला ठेवून. लोलाला एवढंच विचारायचं होतं, 'त्या रात्री तुझे वडील अपघात विम्याबद्दल काय म्हणाले?' नेफला हे कळतं, म्हणून तो तिला जेवायला, फिरायला नेत राहतो आणि कंपनीपासून लांब ठेवतो. कीज तिच्यापर्यंत वेळेत पोचत नाही.

आता माझा जुना हिशोब. माझा एक एजंट मित्र वर्षानुवर्षं म्हणत आलाय की क्लेमवाले म्हणजे नकाराची कारणं शोधणारी माणसं, आणि कीज हा त्यांचा मुकुटमणी. त्याने तो कंपनीचा साहेब नॉर्टन याच्या केबिनमधला प्रसंग नीट पाहावा. पैसे नाकारायला आत्महत्येचं कारण कोणाला हवं असतं? कंपनीच्या साहेबाला. बापाची खुर्ची मिळालेला नॉर्टन विधवेला बोलावून आत्महत्येचा ठपका ठेवतो. आणि त्याला गप्प कोण बसवतं? क्लेम मॅनेजर. आत्महत्यांची सगळी आकडेवारी कीज धडाधड म्हणून दाखवतो: विषाने, बंदुकीने, बुडून, उडी मारून, उड्यांचेही पोटप्रकार, उंचावरून, गाडीच्या चाकाखाली, ट्रकखाली, अगदी घोड्यांच्या टापांखालीसुद्धा. चालत्या गाडीच्या मागच्या डब्यावरून उडी मारल्याची नोंद एकही नाही, आणि गाडी तर तिथे ताशी १५ मैलांनी चाललेली. मरायचं असेल तर त्या वेगाला कोण उडी मारेल? म्हणून तो सरळ सांगतो की या मुद्द्यावर लढलो तर हरू, पैसे द्यावे लागतील. क्लेमचा माणूस स्वतःच्याच कंपनीविरुद्ध उभा राहतो तो हा असा. खोट्या कारणाने क्लेम नाकारायचा नाही आणि खोटा क्लेम द्यायचा नाही, दोन्ही एकाच खुर्चीचं काम आहे. सिनेमाच्या सुरुवातीला ट्रक जाळणारा तो गार्लोपिस आठवा. कीजने लाकडाच्या भुश्शाचा ढीग पाहिला, माणसाकडून क्लेम सोडल्याची सही घेतली आणि दार कसं उघडायचं ते शिकवून घरी पाठवलं. आरडाओरडा नाही, पोलीस नाहीत.

याउलट एजंटांच्या बाजूने सिनेमा काय सांगतो? नेफवर संशय घ्यायची वेळ येते तेव्हा कीज आपल्या डिक्टाफोनवर (आवाज नोंदवायच्या यंत्रावर) नॉर्टनसाठी टिपण बोलून ठेवतो: या माणसाला मी ११ वर्षं ओळखतो, त्याची हमी माझी. फाइलमधला सगळ्यात कच्चा कागद तो. पॉलिसी विकणाऱ्याचा शब्द आणि त्याच्या दोस्ताची हमी, यावर क्लेमचा निकाल लागत नाही. मित्रवर्य, म्हणूनच तुझी फाइलसुद्धा आम्ही दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतो. अपमान वाटून घेऊ नकोस.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याकडे आयुर्विम्याला अपघाती लाभाचा रायडर जोडता येतो. अपघाती मृत्यूला मूळ रकमेइतकीच आणखी रक्कम म्हणजे नेफचंच कलम, फक्त रेल्वेची अट नाही. पॉलिसी सुरू झाल्यापासून ३ वर्षांच्या आत मृत्यू झाला की तो 'अर्ली क्लेम', आणि चौकशी होतेच. रुळावर मृतदेह सापडला तर लोहमार्ग पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं. क्लेमच्या टेबलावर मग चार गोष्टी शेजारी ठेवायच्या: तिकीट, त्याला डब्यात पाहिलेल्याचा जबाब, सामान कुठे सापडलं ते, आणि शवविच्छेदनात जखमा मरणापूर्वीच्या की नंतरच्या. मेलेल्या माणसाला रुळावर टाकलं तर खरचटलेल्या जागी जिवंतपणीसारखं रक्त उतरत नाही. नेफचा प्लॅन इथेच गडगडला असता. सिनेमात मात्र शेवटच्या डब्याच्या सज्जात भेटलेला जॅक्सन नावाचा एक प्रवासी ओरेगॉनहून येऊन फोटो पाहतो आणि सांगतो की मी पाहिलेला माणूस हा नव्हे. साक्षीदार शोधायचा तर असा: मयताचा कोणी नसलेला आणि पैशाशी संबंध नसलेला.

पाय मोडल्याचं आपल्याकडेही तसंच. वैयक्तिक अपघात पॉलिसीत तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर आठवड्याला साधारण विमारकमेच्या १ टक्का मिळतो, वर मर्यादा असते. म्हणजे हाड मोडून घरी बसलेला माणूस क्लेम टाकत नसेल तर आधी विचारायचं, पॉलिसीची प्रत त्याच्या हातात पोचली होती का, कुरिअरची पावती कोणाच्या सहीची आहे, हप्ता कोणाच्या खात्यातून गेला.

एक सांगायचं राहिलं. विमा कायदा १९३८ चं कलम ४५ (सिनेमातलं सालही १९३८ च, योगायोग) आयुर्विम्याला लागू आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ३ वर्षं उलटली की आयुर्विम्याची पॉलिसी प्रस्तावातल्या खोटेपणावरून उकरता येत नाही. फसवणुकीचं कारण देऊनही नाही. पण नेफची पॉलिसी निव्वळ अपघाताची होती. तसली पॉलिसी आपल्याकडे जनरल इन्शुरन्स (आयुर्विमा सोडून बाकीचे विमे देणारी) कंपनी देते आणि तिला ते संरक्षण मिळत नाही. शिवाय मुदत काहीही असो, खून करणाऱ्याला खून झालेल्याची मालमत्ता वारशाने मिळत नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ तेच सांगतं, आणि नॉमिनी म्हणून नाव असलं तरी खुनी बायकोच्या हातात चेक पडत नाही. रक्कम मात्र बुडत नाही, ती उरलेल्या वारसांकडे जाते. म्हणजे ही केस इथे झाली असती तर पॉलिसी खरी ठरल्यास लोलाला पैसे मिळाले असते, आणि बापाची सही फसवून घेतलेली ठरल्यास तिलाही काही नाही.