घड्याळ नको, भ्रूण पाहा : कोंबडीच्या अंड्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रकल्पांचा हंगाम आला की कोंबडीच्या भ्रूणाबद्दल तेच तेच प्रश्न येतात. म्हणून या वेळी उत्तरे एकत्र देतो आहे.

दुकानातली अंडी पाच दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवली, आत काहीच नाही. यंत्र बिघडले का?

बहुधा नाही, अंडी फलितच नाहीत. लेयर फार्मवर, म्हणजे फक्त खाण्याच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो. हॅचरीतून उबवणुकीची अंडी आणा. ‘गावरान’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या तपकिरी अंड्यांवर विसंबू नका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो, फलनाशी त्याचा संबंध नाही.

उबवणुकीची अंडी महिनाभर फ्रीजमध्ये चालतील?

नाही. 15 ते 18 अंशांत ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा.

टोकदार अंड्यातून नर निघतो असे ऐकले. खरे?

ऐकीव गोष्ट आहे, सोडून द्या. पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे नरात झेडझेड आणि मादीत झेडडब्ल्यू असतात, त्यामुळे लिंग आईच्या बीजांडावर ठरते. आकारावरून कळत असते, तर 2022 पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी आलेल्या जर्मनीत अंड्यातच लिंग ओळखणारी महागडी यंत्रे लागलीच नसती.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात वनस्पतीचा अर्क अंड्यांत टोचला. 48 तासांनी काही भ्रूण मागे पडलेले, काहींची डोकी बिघडलेली दिसली. अर्क घातक आहे असे लिहू का?

लिहू नका. असे प्रबंध हाती येतात तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण मेहनत असते आणि निष्कर्षाला पाया नसतो. अंडे घातले जाते तेव्हाच भ्रूण हजारो पेशींचा झालेला असतो, आणि तो प्रत्येक अंड्यात थोडा पुढेमागे असतो. त्यात साठवण, यंत्राचे तापमान आणि जात यांची भर पडते. म्हणूनच व्हिक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये दिसणाऱ्या खुणांवरून भ्रूणवाढीचे 46 टप्पे ठरवून दिले.

टप्पा ओळखण्यासाठी अंडे फोडून गाळणकागदाची रिंग भ्रूणाभोवती बसवा, कडेने कापा, उचला आणि सलाइनच्या बशीत पिवळा बलक धुऊन काढा. मग सूक्ष्मदर्शकाखाली मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे ठोकळे, म्हणजे सोमाइट, मोजा. दहा जोड्या असतील तर दहावा टप्पा, साधारण 33 ते 38 तासांचा. सोळा असतील तर बारावा. प्रबंधात टप्पा लिहा, नुसते तास नकोत.

दुसरे, एप्रिल-मेमध्ये टेम्पोतून आलेल्या अंड्यांत वाटेतच अर्धवट वाढ सुरू होते, मग गार खोलीत ती थांबते. बिघडलेली डोकी त्यातूनही येतात, आणि सुईच्या इजेतूनही. त्याच खेपेतली न टोचलेली अंडी आणि नुसता द्रावक (अर्क ज्यात विरघळवला तो द्रव) टोचलेली अंडी सोबत हवीतच. ती नसतील तर अर्काबद्दल एक वाक्यही लिहिता येत नाही. मोजणी अशा सहकाऱ्याकडून करून घ्या, ज्याला कुठल्या अंड्यात काय टोचले ते ठाऊक नाही. आणि हे सगळे मार्गदर्शकांना प्रयोगाआधी विचारा. प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री विचारून काही उपयोग नाही.

एका काढ्याच्या जाहिरातीत ‘कोंबडीच्या भ्रूणावर तपासलेला, गरोदरपणी सुरक्षित’ म्हटले आहे. सूनबाईंना देऊ का?

देऊ नका, तिच्या डॉक्टरांना विचारा. अंड्यात वार (प्लॅसेंटा) नसते, आईचे यकृत नसते. तिथल्या चाचणीवरून गरोदरपणाची हमी देणे ही शुद्ध दिशाभूल आहे.

उंदीर असताना कोंबडी कशाला?

कवचाला खिडकी पाडून जिवंत भ्रूण वाढताना पाहता येतो, म्हणून. फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी 1969 मध्ये दाखवले की जपानी लाव्याच्या (क्वेल पक्ष्याच्या) पेशींची केंद्रके रंगवल्यावर वेगळी ओळखू येतात. त्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात बसवून जबड्याची हाडे आणि चेतातंतू कुठून येतात याचा माग काढता आला. 2004 मध्ये कोंबडीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनएही वाचला गेला. तो आपल्या जीनोमच्या साधारण एक तृतीयांश आहे. मात्र एखादे जनुक बंद करून प्रौढ प्राण्यावरचा परिणाम पाहायचा असेल तर सहसा उंदीरच सोयीचा. निवड तज्ज्ञाशी बोलून करा.

शाळेच्या प्रदर्शनात पिल्ले उबवून दाखवू का?

21 दिवसांनी पिल्ले कोण सांभाळणार हे ठरल्याशिवाय यंत्र लावू नका. पाचव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरा, लाल वाहिन्यांचे जाळे मुलांना दिसेल. अंडे उघडायचे असेल तर आधी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणी-नीतिसमितीला लेखी विचारा.